सातपुड्यातील एक भाषाद्वीप : निहाली

१. समुद्रातील बेट आणि भूमीवरील बेट

प्रशांत महासागरात, सॉलोमन द्वीपसमूहाच्या पूर्वेकडील टोकास टिकोपिया नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे पाच चौरस किलोमीटर. मानवशास्त्रज्ञ रेमंड फर्थ यांनी १९२८-२९ मध्ये तेथे राहून अभ्यास केला, तेव्हा बेटावरील वस्ती बाराशे-तेराशेच्या घरात होती. १९३६ साली त्यांचा या समाजावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि एवढ्याशा लोकसमूहाचे नाव जगभरच्या अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. या बेटाची भाषा पॉलिनेशियन कुलातील आहे. तेथे पाण्याला 'वाइ' म्हणतात व अग्नीला 'अफि'. शेकडो कोस दूर असलेल्या सामोआत हेच दोन शब्द याच रूपांत आढळतात. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत आणि हवाई बेटांवरील भाषेत पाणी 'वाइ'च आहे, मात्र अग्नी 'अहि' झाला आहे. 'फ'च्या जागी 'ह' येण्याचा हा नियम इतरही शब्दांत दिसून येतो. टिकोपियाची भाषा बोलणारे थोडे असले, तरी तिचे नातलग महासागरभर पसरलेले आहेत. चहूकडून पाण्याने वेढलेली ही भाषा भाषिक दृष्टीने मुळीच एकटी नाही.

याच्या अगदी उलट प्रकार आपल्या विदर्भात आढळतो. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोदच्या परिसरात जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा इत्यादी गावी, तसेच डोंगरापलीकडे निमाडच्या काही भागात, निहाल अथवा नाहल नावाचे लोक राहतात. त्यांच्यापैकी दोन-अडीच हजार लोक जी भाषा बोलतात तिला निहाली, किंवा जुन्या ग्रंथांत नाहली, असे म्हणतात. या लोकांभोवती समुद्र नाही. कोरकू, मराठी, निमाडी व हिंदी बोलणाऱ्यांशी त्यांचा रोजचा व्यवहार आहे. तरीही या भाषेला ज्ञात असा एकही नातलग नाही. जिचे कोणत्याही कुलाशी नाते सिद्ध झालेले नाही, अशा भाषेस भाषाशास्त्रात एकाकी भाषा म्हणतात. युरोपातील बास्क आणि काश्मीरच्या उत्तरेस हुंझा खोऱ्यातील बुरुशास्की ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. निहाली ही त्याच वर्गातील भाषा आहे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

मात्र हे मत सहजासहजी प्रस्थापित झालेले नाही आणि त्यावर घेतलेले आक्षेपही क्षुल्लक नाहीत. जिचे बहुसंख्य शब्द शेजाऱ्यांकडून आलेले आहेत अशा भाषेला स्वतंत्र कोणत्या आधारावर म्हणावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नसून त्याच्या उत्तरावर आणखी काही अवलंबून आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. निहाल लोक

'नाहल' हे नाव जुने आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या 'अभिधानचिंतामणि' या कोशात म्लेंच्छ जातींची नावे दिली आहेत, त्यांत शबर, भिल्ल, किरात यांच्याबरोबर नाहल हेही नाव येते. कोशातील हे लोक आणि आजचे निहाल एकच होत, असे केवळ नामसाम्यावरून म्हणता येणार नाही. परंतु या नावाची एक वन्य जमात मध्ययुगीन पंडितांना ठाऊक होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात निहालांची माहिती आहे. डोंगरी लुटारूंचा निर्देश करताना जुन्या कागदपत्रांत 'नाहल, भिल्ल, कोळी' असा एकत्र उल्लेख येत असे, असे तेथे नोंदले आहे. त्याच ग्रंथात निमाडकडील जितगड-मोहकोटच्या राजघराण्याच्या वंशवृत्तातील एक हकीकत आहे. अकबराच्या काळी या घराण्याच्या पूर्वजाने नाहलांच्या एका संपूर्ण टोळीचा विश्वासघाताने संहार केला आणि त्याबद्दल त्यास जितगड परगणा इनाम मिळाला, अशी ती हकीकत होय. वंशवृत्तातील कथा इतिहास म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तथापि अशा संहाराची बढाई मारण्यात एका राजकुळास कमीपणा वाटला नाही, यावरून निहालांचे त्या प्रदेशातील स्थान कळते. पुढील काळात हे लोक कोरकूंच्या आश्रयाने, त्यांच्या शेतावर मजुरी करून व गावाची राखण करून राहू लागले. कोरकू समाज त्यांना आपल्याहून खालचा मानी. मालकाची भाषा सेवकास यावी लागते, सेवकाची मालकास येत नाही. निहालांना कोरकू येते, पण कोरकूंना निहाली येत नाही, या वस्तुस्थितीचे मूळ या सामाजिक संबंधात आहे.

३. अभ्यासाचा इतिहास

भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टेन कोनो यांनी मुंडा व द्राविडी भाषांचे वर्णन केले असून निमाडमधून मिळालेल्या नमुन्याच्या आधारे नाहलीचाही परामर्श घेतला आहे. या भाषेचे मूळ कोरकूसारख्या एखाद्या मुंडा बोलीत असावे, पुढे तिच्यावर द्राविडी भाषेचा व शेवटी आर्य भाषांचा थर चढला असावा, असे त्यांचे अनुमान होते. उपलब्ध सामग्री अगदी थोडी होती आणि तीत कोरकू शब्दांचा भरणा होता, हे पाहता हे अनुमान अस्वाभाविक नव्हते. १९४० च्या सुमारास रॉबर्ट शेफर यांनी त्याच सामग्रीची फेरतपासणी केली आणि मुंडा व द्राविडी यांच्याही पूर्वीच्या एखाद्या लोकसमूहाचा अवशेष येथे सापडण्याची शक्यता विद्वानांपुढे मांडली.

नवी सामग्री मिळाली ती १९५७ मध्ये. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण विभागातील भाषाभ्यासक सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष क्षेत्रकार्य करून आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्यांचा आधार घेऊन लायडनचे प्राध्यापक एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ साली नाहलीचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक शब्दाचे मूळ शोधून त्यांनी शब्दसंग्रहाची वाटणी केली. एक-तृतीयांशाहून काहीसे अधिक शब्द कोरकूशी जुळतात, दशांशाच्या आसपास शब्द द्राविडी आहेत आणि बरेचसे शब्द आर्य भाषांतून आलेले आहेत. सुमारे एक-चतुर्थांश शब्द मात्र कोठेही जुळत नाहीत, असे त्यांना आढळून आले. त्यानंतर पुण्याच्या आशा मुंडले यांनी जळगाव जामोद भागात काम करून निहालांविषयीचा लेख व निहाली शब्दकोश १९९६ साली प्रकाशित केला. के. एस. नागराज यांचे या भाषेवरील पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये काढले. डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनीही अलीकडे या भाषेचे दस्तऐवजीकरण केले आहे.

४. थर कसे वेगळे करावे

शब्दांच्या संख्येवर भाषेचे कूळ ठरत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आर्मेनियन भाषेचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. तिच्यातील इराणी शब्दांची विपुलता पाहून एकोणिसाव्या शतकातील विद्वान तिला इराणी शाखेचीच एक भाषा समजत असत. हाइनरिख ह्यूब्शमान यांनी १८७५ मध्ये उसने शब्द वेगळे काढून उरलेल्या शब्दांचे ध्वनिनियम तपासले, तेव्हा आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुलाची एक स्वतंत्र शाखा ठरली. बहुसंख्य शब्द उसने होते. निर्णय लागला तो अल्पसंख्य शब्दांवरून.

निहालीच्या बाबतीतही तीच पद्धत अवलंबिली पाहिजे. प्रथम कोरकूचा थर घेऊ. कोरकू ही निःसंशय मुंडा भाषा आहे. मासा कोरकूत 'काकू', तर संथाळीत 'हाको'. माणूस कोरकूत 'कोरो', तर संथाळीत 'होड'. कोरकूचा 'क' आणि संथाळीचा 'ह' यांची ही जोडी नियमाने येते. 'कोरकू' हे जमातीचे नावही 'कोरो' या शब्दाचे अनेकवचन असून त्याचा अर्थ 'माणसे' एवढाच आहे. आता निहालीतील जे शब्द या मुंडा नियमात बसतात ते बहुतेक सर्व कोरकूच्याच रूपात आहेत. जुन्या मुंडा मूळरूपापासून स्वतंत्रपणे बदलत आलेले असे ते दिसत नाहीत. निहाली ही मुंडा भाषा असती, तर तिचे स्वतःचे ध्वनिनियम या शब्दांत दिसावयास हवे होते. ते न दिसता कोरकूचीच छाप दिसते, याचा अर्थ हे शब्द शेजाऱ्याकडून घेतलेले आहेत असाच होतो.

दुसरा थर द्राविडी. तो संख्यावाचकांत विशेष स्पष्ट आहे. निहालीत एक म्हणजे 'बिडुम', दोन 'इरार', तीन 'मोथो', चार 'नालो'. पाचापासून पुढचे आकडे आर्य भाषांतले. 'इरार' आणि 'नालो' पाहताच तमिळमधील 'इरंडु', 'नालु' ही रूपे आठवतात. नागपूरच्या वाचकास गोंडीतील 'रंड', 'मूंड', 'नालुंग' ही अधिक परिचित असतील. कुत्र्यास निहालीत 'नाय' म्हणतात, तोही द्राविडी शब्द होय. परंतु 'इरार' मधील आरंभीचा 'इ' आजच्या गोंडीच्या 'रंड' मध्ये नाही. तेव्हा हे शब्द आजच्या गोंडीतून घेतले असणे संभवनीय वाटत नाही. ते एखाद्या अन्य द्राविडी भाषेतून अथवा अधिक जुन्या रूपातून आले असावेत. सातपुड्यात कोणत्या काळी कोणत्या द्राविडी भाषा बोलल्या जात होत्या, याचा एक धागा अशा रीतीने निहालीच्या चार अंकांत गुंतलेला आहे. या चारांत 'एक' तेवढा घरचा राहिला, हेही लक्षणीय आहे.

तिसरा थर आर्य भाषांचा. तो सर्वांत अलीकडचा असून सर्वांत वेगाने वाढत आहे. बाजार, शाळा, कचेरी, शेतीची नवी साधने यांबरोबर येणारे शब्द मराठी व हिंदीतून येतात, आणि यात निहालीचे वैशिष्ट्य काही नाही.

हे तीन थर बाजूस सारल्यावर जे उरते ते असे : अग्नी 'अपो', पाणी 'जोप्पो', दगड 'चागो', झाड 'अड्डो', कान 'चिगम', तोंड 'काग्गो', साप 'कोगो', मी 'जो'. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात व संथाळीत 'दाक्', गोंडीत 'येर'. 'जोप्पो'शी यांपैकी एकाचेही साम्य नाही. हे सर्व शब्द नित्याच्या जीवनातील आहेत, आणि भाषा आपले असे शब्द शक्यतो सोडीत नाही. शिवाय सर्वनामांत द्विवचन आहे. 'आम्ही दोघे' आणि 'आम्ही सर्व' यांस निरनिराळे शब्द आहेत. अर्थात द्विवचन मुंडा भाषांतही असल्याने तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. वाक्यात क्रियापद शेवटी येणे व नामास मागून प्रत्यय लागणे हे विशेष तर भोवतालच्या सर्व भाषांत समान आहेत.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक इशारा आवश्यक आहे. 'अपो' हा शब्द ऐकताच संस्कृतज्ञास 'आपः' आठवेल, पण त्याचा अर्थ पाणी आहे, अग्नी नव्हे. टिकोपियाचा 'अफि' शब्द तर अर्थानेही जुळतो. दोहोंचाही अर्थ अग्नी. एवढ्यावरून निहालांना प्रशांत महासागरातून आणणारा एखादा उत्साही लेखक निघणे अशक्य नाही. परंतु त्याने पुढचा शब्द तपासावा. पाणी तेथे 'वाइ', येथे 'जोप्पो'. दगड तेथे 'फतु', येथे 'चागो'. एक शब्द जुळला तर तो योगायोग असू शकतो. नाते सिद्ध होते ते एकाच ध्वनिनियमाने अनेक शब्द जुळले म्हणजे. 'अफि' आणि 'अहि' या जोडीमागे असा नियम आहे. 'अफि' आणि 'अपो' यांमागे नाही.

५. सांकेतिक भाषेचा आक्षेप

निहालीच्या स्वतंत्रतेवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो खुद्द कायपर यांनीच विचारात घेतला होता. ज्या लोकांना लुटारू म्हणून ओळखले जात होते, त्यांनी इतरांना कळू नये म्हणून मुद्दाम काही शब्द बनविले असतील, तर ज्यांचे मूळ सापडत नाही असे शब्द प्राचीन नसून कृत्रिम ठरतील. महाराष्ट्राला असे प्रकार अपरिचित नाहीत. दलाल व व्यापारी भाव ठरविताना वापरीत ती नंदभाषा प्रसिद्ध आहे, आणि गोंधळ्यांची करपल्लवी तर बोटांच्या खुणांवरच चालते.

या आक्षेपास पूर्ण उत्तर देणे कठीण आहे. तथापि दोन गोष्टी त्याच्या विरुद्ध जातात. सांकेतिक बोलीत सामान्यतः लपविण्याजोग्या गोष्टींचे शब्द बदललेले असतात : आकडे, पैसा, चोरीचा माल, शिपाई. निहालीत नेमके आकडेच बहुतांशी उघड, शेजाऱ्यांना समजणारे आहेत, आणि अनोळखी शब्द आहेत ते झाड, दगड, कान यांचे. दुसरे असे की, सांकेतिक बोली मोठी माणसे शिकतात. निहाली ही घरातील मुलांना आईकडून मिळणारी भाषा राहिली आहे. याउलट हेही मान्य केले पाहिजे की, एखादा समाज आपली जुनी भाषा विसरत असताना तिच्यातील शब्द गुप्तभाषेसाठी राखून ठेवतो, असेही घडते. इंग्लंडमधील जिप्सी लोकांनी इंग्रजी व्याकरणात रोमानी शब्द अशाच रीतीने टिकविले. निहालीच्या बाबतीत असे काही झाले असेल, तरी ते शब्द जुन्या भाषेचेच ठरतात. म्हणजे त्यांचे महत्त्व कमी होत नाही.

या वादाचा निर्णय शब्दांच्या याद्यांवरून लागणार नाही. कथा, गाणी, संभाषणे, भांडणे यांचे विपुल ध्वनिमुद्रण झाले, एकाच शब्दाची निरनिराळ्या गावांतील रूपे पडताळली गेली, तरच मूळचे कोणते व बनविलेले कोणते हे सांगता येईल. कुवरदेव-चालठाण्याकडील आणि जामोद-सोनबर्डीकडील बोलींत भेद आहे, असे अभ्यासकांनी नोंदले आहे. हा भेद अशा तपासणीस फार उपयोगी आहे, कारण नैसर्गिक भाषेत गावोगावी पडणारा फरक नियमबद्ध असतो.

६. यादीतील स्थान

या सर्व विवेचनाचा व्यावहारिक अर्थ काय, असा प्रश्न विचारला जाईल. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव स्वतंत्रपणे येत नाही. कोरकू या नोंदीच्या पोटात बोपची, मवासी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंदेया अशी नावे आहेत, त्यांत ते आहे. सवलतींच्या दृष्टीने या समावेशाचा निहालांना लाभच झाला असेल. परंतु भाषेच्या दृष्टीने त्याचा परिणाम वेगळा आहे. जनगणनेत १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या मातृभाषांची नावे स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली जात नाहीत. २०११ च्या गणनेत कोरकू भाषिकांची संख्या सात लाखांहून अधिक आहे. निहालीसाठी ओळ नाही. म्हणजे एका यादीत निहाल हा कोरकू आहे, दुसऱ्या यादीत त्याची भाषा 'इतर' मध्ये आहे, आणि शाळेत त्याच्यापुढे येते ती मराठी. १९०६ साली कोनो यांनी अपुऱ्या सामग्रीमुळे निहालीस कोरकूजवळ ठेवले. ते मत शास्त्रात मागे पडून साठ वर्षे होऊन गेली, पण शासकीय नोंदीत त्याच स्वरूपाचे वर्गीकरण कायम आहे.

ज्या समाजातील प्रत्येक माणूस द्विभाषी किंवा त्रिभाषी आहे, ज्याच्या भाषेचा त्याला बाजारात उपयोग नाही आणि जिच्यामुळे प्रतिष्ठाही मिळत नाही, त्या समाजाने पुढच्या पिढीशी मोठ्या भाषेत बोलावयास लागणे हे स्वाभाविक आहे. त्यास दोष देण्याचा अधिकार बाहेरच्यांना नाही. टिकोपियाचा माणूस बेटावर असेपर्यंत त्याच्या भाषेला प्रतिस्पर्धी नसतो. निहालाला मात्र घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच दुसरी भाषा बोलावी लागते. समुद्र भाषेचे रक्षण करतो. सामाजिक दर्जाची दरी तसे करीलच असे नाही. उलट, तीच बहुधा भाषा बदलण्यास भाग पाडते.

म्हणूनच या एक-चतुर्थांश शब्दांचा प्रश्न तातडीचा आहे. टिकोपियाची भाषा उद्या लोपली, तर ती हानी मोठीच होईल. परंतु तिच्या भगिनीभाषांवरून तिचे पूर्वरूप पुष्कळसे पुन्हा उभे करता येईल. निहालीस भगिनी नाही. सातपुड्यात मुंडा, द्राविडी आणि आर्य भाषा येण्यापूर्वी काय बोलले जात होते, या प्रश्नावरचा जिवंत साक्षीदार मध्य भारतात हा एकच आहे, आणि त्याची साक्ष अजून पुरती घेतली गेलेली नाही. वनस्पती, पशुपक्षी, ओढे, टेकड्या यांची निहाली नावे गावोगाव जाऊन गोळा करणे. ती कोरकू व गोंडी नावांशी ताडून पाहणे. सातपुड्यातील स्थलनामांत त्यांचे अवशेष सापडतात काय हे तपासणे, ही कामे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत. त्यासाठी महासागर ओलांडावयाचा नाही. नागपूरहून जळगाव जामोद एका दिवसाच्या प्रवासावर आहे. मात्र तेथे जाणाऱ्याने आधी कोरकू शिकून घ्यावी. कारण ती येत नसेल, तर निहालीतील घरचा शब्द कोणता व उसना कोणता हे त्याला ओळखता येणार नाही.